मास्तरांचा माळाप्पा

मी मास्तरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मेलेले होते. म्हणजे मला तसं वाटलं, आणि मी आजही म्हणतो, माझ्या जागी कोणालाही तसंच वाटलं असतं. भर दुपारचं ऊन, गावामागच्या टेकडीवर गुडघाभर गवत, आणि त्या गवतात एक माणूस पालथा पडलेला. पायात बूट, बुटाचे तळवे आभाळाकडे. बाजूला एक छत्री, उघडी आणि उलटी. मी गावच्या गायरानाचा राखणदार. गायरानात ढोर मेलं तर सरपंचाला सांगायचं हे मला ठाऊक होतं. माणूस मेला तर कोणाला सांगायचं हे कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी आधी काठीनं बुटाला ढोसून पाहिलं.

"हलू नका," मेलेला माणूस म्हणाला. "तुमच्या उजव्या पायाजवळ मादी आहे."

मी चौफेर पाहिलं. बाई नव्हती. म्हैसही नव्हती.

"कोणाची मादी?"

"खाली बघा. शेपटीला तलवार आहे ती."

खाली पाहिलं तर बोटाच्या पेराएवढा किडा. रंग वाळल्या गवताचा, पाठीवर हिरवी रेघ, मिशा अंगापेक्षा लांब, आणि मागं खरंच एक वाकडी तलवार. ती तलवार तिनं जमिनीत खुपसली होती आणि स्वस्थ बसली होती.

"नाकतोडा हाय की," मी म्हणलं.

मेलेला माणूस ताडकन उठून बसला. "नाकतोडा नाही! मिशा बघा मिशा! नाकतोड्याच्या एवढ्या असतात का?"

नाकतोड्याच्या मिशा मोजायची पाळी माझ्यावर तोवर आली नव्हती. पण तो माणूस इतका चिडला होता, की मला वाटलं, नाकतोडा त्याचा सोयरा आहे आणि मी सोयरिकीत चूक काढली.

मास्तर उदगीरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मूळचे साताऱ्याकडचे. त्यांना मास्तर म्हणलेलं आवडायचं नाही. "मी प्राध्यापक आहे, मामा," ते दर वेळी सांगायचे.

"शिकवता का?"

"शिकवतो."

"मग मास्तरच की."

तीस-पस्तीस वर्षं हे चाललं. त्यांनी सोडलं नाही, मीही सोडलं नाही. मी तिसरीतून शाळा सोडली, पण हट्ट करायला वरची इयत्ता लागत नाही.

त्या किड्याला मास्तरांनी एक इंग्रजी नाव सांगितलं होतं, आगगाडीएवढं लांब. मी आपलं खुळखुळ्या म्हणायचो. वाळलेले हरभऱ्याचे घाटे मुठीत धरून हळूच हलवले की जो आवाज येतो तोच त्याचा आवाज. दुपार कलायला लागली की नर वाजायला लागायचे. त्याला पंख आहेत, पण ते उडायला नाहीत, वाजवायला आहेत. नुसते खुंट.

"म्हणूनच तो अडकलाय मामा," मास्तर म्हणायचे. "मी निलंग्यापासून हिमायतनगरपर्यंत माळ धुंडाळले. कुठंच नाही. फक्त तुमच्या टेकडीच्या या उतारावर आहे. इथून शेजारच्या टेकडीवर जायचं म्हणजे त्याला, तुम्ही रांगत काशीला जाण्यासारखं."

"जात्यात की लोक."

"त्यांना वाटेत जेवायला मिळतं. याला वाटेत नांगरट मिळते."

खरं सांगतो, मला त्या किड्याचं काही पडलं नव्हतं. पण आमच्या गावाला तेव्हा एसटी नव्हती, दवाखाना नव्हता, उन्हाळ्यात पाणी नव्हतं. शेजारच्या गावचे लोक आम्हाला खिजवायचे. आता कळलं, जगात कोणाकडे नाही असं काहीतरी आमच्याकडे आहे. तो किडा निघाला ही गोष्ट वेगळी. माझ्या राखणीतला किडा होता. त्या दिवसापासून मी त्याचाही राखणदार झालो, आणि मला कोणी नेमलं नाही म्हणून मला कोणी काढूही शकलं नाही.

सुरवातीला माझ्या राखणीवरच मास्तर खवळले. मी जोंधळ्याची पाखरं राखतात तशी गोफण घेऊन टेकडीवर उभा राहिलो आणि किडे खाणाऱ्या एकेका पाखराला दगड घातला. मास्तर धावत आले. "अहो, पाखरांना का मारता?"

"तुमचे किडे खाऊन राहिले."

"खाऊ द्या! ते खाणारच!"

"मग राखायचं कोणापासून?"

मास्तरांनी जरा विचार केला. "माणसापासून," ते म्हणाले.

*

मास्तरांचं एक बोलणं होतं: "पुरावा काय?" कोणी काहीही म्हणो, आज उकडून राहिलंय म्हणो, ते म्हणणार, पुरावा काय. देव, भूत, नजर, मुहूर्त यांपैकी काहीच त्यांच्याकडे चालायचं नाही. आमच्या गावात महादेवाला मानणारी घरं जास्त, गळ्यात लिंग असलेली. गाव मास्तरांना भ्यायचं नाही, पण त्यांच्यासमोर शिंकायला कचरायचं, उगाच शकुनाची चौकशी नको म्हणून.

जिल्हा नवा झाला, लातूर वेगळं निघालं, गावानं पेढे खाल्ले, आणि पाठोपाठ पावसानं पाठ फिरवली. त्यात मास्तर आपले छत्री घेऊन माळावर. ती छत्री ते झुडपाखाली उलटी धरायचे आणि वरून झुडपाला काठी हाणायचे. किडे छत्रीत पडायचे, ते बघायचे, परत सोडून द्यायचे. पण लांबून गावाला काय दिसायचं? आभाळात ढग नाही आणि एक माणूस उलटी छत्री घेऊन हिंडतोय.

शेवटी सरपंच आला. "मास्तर, छत्री सुलटी धरा, न्हाईतर घरी ठेवा. लोक म्हणून राहिले, वरचा बघतो, यांची छत्री उलटी, म्हणजे यांना पाऊस नको."

"पुरावा काय?"

पुरावा नव्हता. मग मास्तरांनीच प्रयोग लावला. छत्री आठ दिवस माझ्या घरी ठेवली. पाऊस आला नाही. नवव्या दिवशी पारावर येऊन सांगितलं, "बघा, छत्री घरात होती, तरी पाऊस नाही. छत्री निर्दोष आहे."

गुंडव्वा नावाची एक म्हातारी होती. वेशीजवळ लिंबाखाली तिचं दुकान, कुंकू, बुक्का, शेंदूर, नारळ. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "घरात बी उलटीच होती की वो. मामाच्या घरच्यांनी मुठीनं खुंटीला टांगली. टोक खाली."

आता छत्री मुठीनंच टांगतात.  पण मास्तर माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही खुंटी मी मुद्दाम ठोकली.

*

दर साली दसरा झाला की आमची मोजणी असायची. मास्तर त्या उताराचे सुतळीनं चौकोन पाडायचे. एका कोपऱ्यावर ते, दुसऱ्यावर मी. डोळे मिटून बसायचं आणि वाजणारे मोजायचे. मास्तर कागदावर रेघा ओढायचे. मी ओढ्यातले खडे न्यायचो, एक वाजला की एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात. पहिल्याच साली त्यांचे सत्तावीस आले, माझे एकतीस.

"चार तुम्ही दोनदा मोजले," मास्तर म्हणाले.

"चार तुम्ही ऐकलेच न्हाई."

"पुरावा काय?"

मी उठलो. त्यांना हाताला धरून एका जागी नेलं, गवत बाजूला केलं, दाखवला. दुसऱ्या जागी नेलं, दाखवला. तिसरा दाखवला. चौथा दाखवला. त्यांनी वहीतल्या सत्तावीसवर काट मारली, एकतीस लिहिलं, आणि खाली दोन शब्द लिहून वही माझ्यापुढे धरली. मला तेवढं वाचता येतं. "मामांचा कान" असं लिहिलं होतं.

 घरी येऊन घरच्यांनाही सांगितलं नाही. पण त्या दिवशी भाकरी एक जास्त खाल्ली.

माझ्या पोरीच्या लग्नात मात्र त्यांनी कहर केला. अक्षता पडायच्या वेळी मास्तर एकदम बोट वर करून ओरडले, "शूऽऽ!"  लग्न लावणाऱ्या स्वामींचं तोंड उघडंच राहिलं. मास्तर बसल्या जागेवरून रांगत मांडवाबाहेर गेले ते थेट पाहुण्यांच्या बैलगाडीखाली. झालं होतं असं, की माझ्या मेव्हण्यानं मला न विचारता टेकडीवरचं गवत कापून बैलांना टाकलं होतं आणि त्या गवतात खुळखुळ्या वाजत होता. लग्न राहिलं बाजूला. मास्तरांनी विहिणीचा पानाचा डबा मोकळा केला, त्यात तीन किडे घातले आणि त्या उन्हात टेकडीकडे निघून गेले. जेवायला संध्याकाळी आले. विहिणीनं तो डबा परत घेतला नाही. मेव्हण्याशी मी दोन वर्षं बोललो नाही. लग्नात आणि राखणीत फरक असतो हे त्याला कळायला पाहिजे होतं.

*

दुष्काळाच्या दुसऱ्या साली जीप आली. जिल्हा नवा, साहेब नवे, त्यांना कामाची घाई. साहेबांनी टेकडी पाहिली आणि म्हणाले, पडीक आहे, इथं खड्डे घेऊन झाडं लावू, लोकांना कामही मिळेल. दुसऱ्याच दिवशी त्या उतारावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा पडल्या. खड्डे पुढच्या सोमवारपासून.

गाव खूश होतं. मीही खूश होतो, लपवत नाही. दारातलं काम होतं आणि यादीत माझ्या घरचीचं नाव होतं.

मास्तर आले, रेघा पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा फक्कीसारखाच झाला. "मामा, मादीनं तलवार खुपसली होती ती आठवते? ती जमिनीत अंडी घालते. किडे येळवशीपर्यंत मरून जातात, अंडी तेवढी मातीत राहतात, पुढच्या पावसाची वाट बघत. हे सगळं खणलं तर पुढल्या वर्षी वाजायला एकही उरणार नाही. इथं नाही म्हणजे कुठंच नाही."

येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षाची अमावस्या. सगळं गाव रानात जेवायला जातं. साताऱ्याकडच्या माणसाच्या तोंडी येळवस आली तेव्हाच मी समजलो, मास्तर आता आपले झाले.

ते त्या आठवड्यात तीनदा एसटीनं गेले. लातूरच्या एका ऑफिसात टेबलं अजून व्हरांड्यात होती. तिथं म्हणाले, तुमच्या टेकडीचे कागद जुन्या जिल्ह्यातून आले नाहीत, उस्मानाबादला जा. उस्मानाबादला म्हणाले, ती टेकडी आता आमची नाही, लातूरला जा. मास्तरांनी अर्जावर किड्याचं चित्र काढलं होतं, एकेक मिशी मोजून. कारकुनानं नेमका मिशांवर शिक्का मारला. मास्तरांना टेकडीपेक्षा त्या मिशांचं जास्त लागलं असं मला वाटतं.

शेवटी साहेब भेटले. साहेब म्हणाले, "प्राध्यापक, माणसं उपाशी आहेत आणि तुम्ही किडे घेऊन बसलात?"

मास्तर माझ्या ओसरीवर येऊन बसले. तीन कप चहा घेतला. मग म्हणाले, "साहेबांचं चुकलं नाही. लोकांना काम मिळायलाच पाहिजे. पण खड्डे ओढ्याच्या काठानं घेतले तर झाडं तरी जगतील. टेकडीवर मुरूम आहे, तिथं झाडही मरेल आणि किडाही. हे मी सांगितलं. ते ऐकत नाहीत."

"मी ऐकवतो," मी म्हणलं.

"तुम्ही? कसं?"

"ते विचारू नका."

दुसऱ्या दिवशी मास्तर कॉलेजात होते. उन्हाच्या वेळी गाव आडवं झालं तेव्हा मी ओढ्यातला एक गोल धोंडा खांद्यावर घेतला आणि टेकडीवर नेला. चांगला वजनदार होता. फक्कीच्या रेघांच्या मधोमध बसवला, तेलात शेंदूर कालवून लावला, खाली आलो आणि अंघोळ केली.

सोमवारी कुदळी घेऊन बायामाणसं वर चढली. पुढं माझ्याच घरची. तिनं धोंडा पाहिला, कुदळ खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला. "इथं देव हाय. इथं कुदळ चालायची न्हाई."

साहेब म्हणाले, "कालपर्यंत नव्हता!"

"कालपातूर तुमी बी नव्हताव," ती म्हणाली. "जिल्हा बी नव्हता."

साहेब इकडचेच होते. उगाच शहाणपणा केला नाही. बूट काढून हात जोडले, मग फक्की पुसायला सांगितली. खड्डे ओढ्याच्या काठानं गेले. त्यातली काही झाडं आजही उभी आहेत, त्यांच्या सावलीत मी बसतो.

मास्तर आले ते उड्या मारतच. मग त्यांना धोंडा दिसला.

"हे काय?"

"देव."

"कोणी आणला?"

"विचारू नका म्हणलं होतं."

"मामा, खोट्याच्या जोरावर मला माझा किडा जगवायचा नाही!"

"मग खऱ्याच्या जोरावर मारा," मी म्हणलं. "कुदळी अजून खालीच हाईत."

ते सायकलवर बसून निघून गेले. तीन आठवडे आले नाहीत. मीही बोलावलं नाही. बोलावलं असतं तर माझं चुकलं असं झालं असतं, आणि माझं चुकलं नव्हतं.

*

माझं चुकलं नव्हतं हे मी परत सांगतो. देव बसवला ते बरोबरच होतं. देव बसला की माणसं येतात, एवढंच ध्यानात आलं नाही.

दुष्काळात नवा देव म्हणजे सगळ्यांच्या मागण्या त्याच्याकडे. पहिल्या सोमवारी गाव आलं, दुसऱ्या सोमवारी शेजारचं गाव. नाव पडलं माळाप्पा. गुंडव्वा म्हणाली, माझ्या सपनात आला होता. लोक नारळ फोडायचे, उदबत्त्या लावायचे, तीन दगड मांडून तिथंच नैवेद्य शिजवायचे, जळण म्हणून माझंच गवत. धोंड्याभोवती गाडी फिरेल एवढी जमीन तुडवून उघडी पडली. कुदळ थांबली होती, पण पावलांनी तेच काम चालवलं होतं. मी दुपारी जाऊन बसलो, खडे काढले. पाच खडे डाव्या खिशात गेले, सहावा गेलाच नाही.

मास्तर आले. रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. "मामा, आता गावाला खरं सांगून टाका. देव नाही म्हणून सांगा. गर्दी थांबेल. खड्डे तर झालेच आहेत खाली."

मी कोणाचं ऐकत नाही. पण पाच खडे खिशात होते. सोमवारी पारावर सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि म्हणलं, "माळाप्पा म्हणून तुम्ही ज्याला पुजता तो ओढ्यातला धोंडा हाय. मी आणलाय. माझ्या खांद्यावरून."

 मग सरपंच पुढं झाला आणि म्हणाला, "पुरावा काय?"

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर जमिनीकडे बघत होते.

"माझ्या खांद्यावर वळ हाय," मी म्हणलं आणि सदरा उतरवून दाखवला.

लोकांनी तो वळ पाहिला. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "घ्या. देवानं याच्या खांद्यावर बसून स्वारी केली आणि हा म्हणतो मी आणला!"

"गर्व झालाय मामाला."

"म्हणे देव मी आणला. उद्या म्हणल, पाऊस मी पाडतो."

मला दंड म्हणून एक नारळ फोडायला लावला. मी केलेल्या देवासमोर, मी देव केला म्हणल्याबद्दल. मास्तरांनी एवढी वर्षं गावाला एकच गोष्ट शिकवली होती आणि गाव ती नको त्या दिवशी शिकलं.

आम्ही दोघं ओसरीवर येऊन बसलो. घरचीनं भाकरी थापत थापत सगळं ऐकलं. म्हणाली, "देव काढता येत नसतो. देवाला नेम लावता येतो. एका देवाला तेल चालत न्हाई, एकाला तांबडं फूल चालत न्हाई. तुमच्याला काय चालत न्हाई ते ठरवा."

"ठरवणार कोण?" मास्तरांनी विचारलं.

"ज्याच्या सपनात आला ती."

*

गुंडव्वाकडे मास्तर स्वतः गेले. मी बरोबर होतो, पण बोलायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं.

"आजी, तुमच्या स्वप्नात देव आला होता म्हणे."

"आला की."

"काय म्हणाला?"

गुंडव्वानं नारळावरची धूळ पुसली. "अजून काय म्हणला न्हाई. तुमी सांगा मास्तर, काय म्हणावं त्यानं?"

 गुंडव्वा माझ्याकडे बघून हसली. दात एकच होता, पण हसणं पुरतं होतं. "अर्धा पाव शेंदूर माझ्याच दुकानातून गेलाय. म्हशीच्या शिंगाला लावायचा म्हणून नेला मामानं. मामाकडं म्हैस कुठं हाय?"

"मग तुम्ही पारावर बोलला का नाही?" मास्तर म्हणाले.

"कशाला बोलू? माझे नारळ जात्यात. तुमचा किडा जगतो. बायांना वढ्याला काम मिळालं. कोणाचं वाईट झालं?"

मास्तरांनी खिशातून वही काढली. त्यात नेम लिहून आणले होते, चांगले चौदा. मृगापासून येळवशीपर्यंत वर पाय ठेवायचा नाही. धूर नाही. चूल नाही. ढोर नाही. गवत येळवशीनंतर कापायचं, विळ्यानंच, वीतभर खुंट ठेवून. असे खाली खाली.

"एवढे नेम तर म्हादेवाला बी न्हाईत," गुंडव्वा म्हणाली. "चार ठेवा. चार लोकांच्या ध्यानात राहत्यात."

बराच वेळ घासाघीस झाली. एकीकडे कॉलेजचं शास्त्र, एकीकडे नारळाचं दुकान. शेवटी वर पाय नाही, धूर नाही, ढोर नाही, येळवशीनंतर विळा, एवढ्यावर मिटलं. नारळ कुठं फोडायचा? गुंडव्वा म्हणाली, टेकडीच्या पायथ्याला पायरी करू, देव वर, दर्शन पायरीचं. दुकान तिथून जवळ पडत होतं हे मी बोललो नाही, कारण मला बोलायचं नव्हतं.

"एक अट हाय माझी," ती म्हणाली. "पायरीवरला पहिला नारळ मास्तरांनी फोडायचा. सगळ्यांसमोर. न्हाईतर लोक म्हणत्याल, मास्तरचीच काहीतरी खोड हाय."

मास्तर उठले आणि चालायला लागले. दोन दिवस ते उदगीरहून आलेच नाहीत. मला वाटलं, गेला किडा. जन्मभर ज्यानं देवाला हात जोडला नाही त्याला नारळ फोडायला सांगणं म्हणजे मला, माझं चुकलं म्हण, असं सांगण्यासारखं होतं. मी तर म्हणलंच नसतं.

सोमवारी ते आले. इस्त्रीचा पांढरा सदरा. पायरीसमोर गाव उभं. मास्तरांनी नारळ घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "मी हा नारळ फोडतोय. याचा अर्थ नारळ फुटतोय, एवढाच घ्यावा."

"फोडा, फोडा," लोक म्हणाले.

पहिल्या दणक्याला फुटला नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला फुटला आणि आतून काळा निघाला, पार नासका.  गुंडव्वानं हात वर केला. "देवानं आतूनच खाल्ला!"

मास्तरांनी तोंड उघडलं. "ही निव्वळ बुरशी..." एवढं निघालं आणि मी त्यांच्या बुटावर पाय दिला. चांगला टाचेनं दिला. ते थांबले. माझ्या माहितीत मास्तर अर्ध्या वाक्यात थांबले ते तेवढंच एकदा.

पुढल्या साली पाऊस झाला. गाव म्हणालं, माळाप्पाची कृपा. मास्तर म्हणाले, पुरावा काय. दसरा झाल्यावर आम्ही मोजणीला बसलो. वर चढायला आम्हा दोघांना गुंडव्वानं सपनातून मोजणीपुरती खास परवानगी आणून दिली होती. धोंड्याभोवतीचं उघडं रिंगण गवतानं भरलं होतं, आणि माझ्या उजव्या खिशातले खडे दिवस बुडायच्या आत संपले.

*

मास्तर रिटायर होऊन साताऱ्याकडे गेले, पण दर दसऱ्यानंतर एसटीनं यायचे. गुंडव्वा गेली, तिची सून दुकान चालवते. माझ्या घरचीही गेली. माळाप्पाचा नेम मात्र कोणी मोडला नाही.

आता जी गोष्ट कोणाला सांगितली नाही ती सांगतो. चार साल झालं, मला खुळखुळ्या ऐकू येत नाही. भांडण ऐकू येतं, एसटी ऐकू येते, सुनेचं पुटपुटणं भिंतीआडून ऐकू येतं. तो बारीक आवाज तेवढा गेला. मोजणीच्या वेळी मी अंदाजानं खडे टाकायचो, मास्तरांच्या रेघांकडे चोरून बघत. त्यांच्यापेक्षा नेहमी दोन जास्त, संशय नको म्हणून.

या साली मास्तर काठी टेकत आले. वर चढवेना, म्हणून आम्ही पायरीवरच बसलो. दुपार कलली. मास्तरांनी बोट वर केलं, कान दिला. बराच वेळ झाला. मग त्यांनी बोट खाली घेतलं आणि म्हणाले, "मामा, वाजतंय का हो?"

एवढ्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टेकडीकडे बघत होते, वही मांडीवर, कागद कोरा. मग मला कळलं की इतकी सालं मी ज्या रेघांकडे चोरून बघत होतो, त्या रेघा माझ्या खड्यांकडे बघून ओढलेल्या होत्या.

"हाव," मी म्हणलं. "वाजून राहिले. तीन हाईत. दोन धोंड्याच्या अंगाला, एक बांधाकडं."

मी वाट पाहिली, आता म्हणतील, पुरावा काय. त्यांनी टोपण काढलं आणि तीन लिहिलं. खाली दोन शब्द लिहिले. मला दाखवले नाहीत, पण हात कसा फिरला ते मी पाहिलं.

त्यांना एसटीत बसवून आलो आणि मला घर गोड लागेना. आजपर्यंत त्या वहीत मी सांगितलेला एकही आकडा दाखवता येणार नाही असा नव्हता. निदान कान होता तोवर.

दुसऱ्या दिवशी पायथ्याला चपला काढल्या. माळाप्पाला म्हणलं, बाबा, तुला मीच आणलाय, पण नेम तो नेम, तेवढं माफ कर. वर गेलो आणि धोंड्याच्या अंगाला पालथा पडलो. या वयात पालथं पडणं सोपं आहे, उठणं अवघड. गवताची एकेक काडी बाजूला केली. ऊन पाठीवरून सरकून कमरेवर आलं तेव्हा एक घावली, तलवार जमिनीत खुपसून स्वस्थ बसलेली. तिच्यापासून हातभर अंतरावर दोन नर होते. पंखांचे खुंट हलत होते. वाजत असणार.

खालून गुंडव्वाच्या सुनेचा आवाज आला. "मामाऽऽ! पडलाव का वो? जीव हाय का?"

मी हललो नाही.

"मामा! येळवस व्हायची हाय अजून, वर काय करून राहिलाव? काय हरवलंय का?"

"हरवलं न्हाई," मी ओरडलो आणि कोपरावर सरकत बांधाकडं निघालो. "एक घावायचा राहिलाय."